साधनाताईले बोलवा

मेमरी कमी आहे म्हणे! सोळा जीबीच्या कोऱ्या करकरीत मशीनवर मेमरी कमी! किशोरनं फोनवर सांगितलं तवा मले आधी हसू आलं, अन् मग असा राग आला की विचारू नका. कारण पडद्यावरची ती ओळ मीच लिहिली आहे, बावीस वर्षांआधी: "मेमरी कमी पडून राहिली. साधनाताईले बोलवा." सॉफ्टवेअर इंग्रजीत ओरडे, ते तिथं कोणाले कळे नाही, म्हणून मी त्याले वऱ्हाडी शिकवली.

शेंदूरजनाघाटले किशोरची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. कोणत्या झाडाचा डोळा कोणत्या खुंटावर बांधला, ते कलम कोणाच्या बागेत गेलं, हे सारं ठेवणारा प्रोग्राम मी त्याच्या वडिलांसाठी, खुशालरावांसाठी बनवला. काही अडलं की मी अमरावतीहून यायची. खुशालराव वारले अन् बोलावणंच बंद झालं.

नवी मशीन घेतल्यापासून ती ओळ येऊन राहिली, तिच्यात माझं नाव ढळढळीत लिहिलेलं, तरी तीन महिने या लोकांनी मले बोलावलं नाही. अकोल्याहून शुभम नावाचा इंजिनिअर आणला. त्यानं काय करावं? मेमरी कमी म्हणते ना, मग वाढवा मेमरी! चाराची आठ, आठाची सोळा. तरी तेच.

"ताई, एक डाव येऊन पाहा ना," किशोर म्हणाला. "चालू झाला तर आपला जुनाच बरा. पुढंही तुमीच सांभाळा."

मले तेवढंच पाहिजे होतं. सकाळच्या एसटीनं गेली.

बाकीचं सारं बंद करून पाहिलं, नाही. फालतू फाइली उडवल्या, नाही. मग ज्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम बनवला होता तेच उघडलं, तर तेही मेमरीच्याच नावानं रडून राहिलं. म्हणजे माझ्या प्रोग्रामची चूक नव्हती! त्या सॉफ्टवेअरलेच विचारलं, तुले मेमरी किती दिसते? आकडा आला, तोही उणे. तवा माझी ट्यूब पेटली.

हे सॉफ्टवेअर चिमूटभर मेमरीच्या काळातलं. स्कूटरचा मीटर पुरा फिरला की शून्यावर येते, तसं त्याचं झालं. मेमरी कमी नव्हती, त्याच्या मापापेक्षा जास्त झाली होती. सेटिंगच्या फाइलीत मी एक ओळ टाकली, की एवढीच मेमरी घे, बाकीच्याकडे पाहूच नको. प्रोग्राम फटकन उघडला. पहिलीच नोंद खुशालरावांनी शेजारी बसून सांगितलेली: झाड नंबर एक, विहिरीजवळचं. खोटं काहून बोलू, डोळे भरून आले.

"अरे बापा!" शुभम म्हणाला. "म्हणजे मी औषध समजून बिमारीच वाढवत होतो."

"तू अर्धीच ओळ वाचली," मी म्हटलं.

तेवढ्यात किशोर आला. "झालं? शुभम, घे मग सारी झाडं नव्या प्रोग्राममध्ये उतरवून."

"कोणत्या नव्या?" मी विचारलं.

"अकोल्याचा तयार आहे, ताई. फक्त जुना उघडल्याशिवाय झाडं निघत नव्हती. चहा सांगू का?"

"मंग मले खोटं काहून सांगितलं रे?"

"खरं सांगितलं असतं तर आल्या असत्या का तुमी?"

नसती आली. एवढं मात्र त्यानं बरोबर ओळखलं.

शुभमनं मान खाली घालून विचारलं, "भाऊ, यातले मेसेजही घ्यायचे का?"

"झाडं घे फक्त. मेसेज काय करतो?"

मी सेटिंगमध्ये टाकलेली ओळ समोरच होती. एक बटन दाबून ती पुसली असती तर प्रोग्राम पुन्हा बंद पडला असता. माझा हात तिथवर गेलाही. पण पडद्यावर विहिरीजवळचं झाड दिसत होतं, अन् त्यानं माझं काय वाकडं केलं होतं? हात मागं घेतला, बॅग उचलली अन् चहा न घेता निघाली.

आता त्या मशीनवर मेमरी कमी पडणार नाही, अन् साधनाताईले बोलवा असंही कधी येणार नाही. दुरुस्तच तशी करून आली मी.