सवतीचा टाक

नीळकंठ नेरच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. बोटांत धागा ओढून कापसाची प्रत सांगायची, हे त्याचे काम. पण गेल्या हंगामात केंद्रावर कापूसच आला नाही; व्यापारी खेड्यातूनच गाड्या भरून नेत. येत्या हंगामाचीही खात्री नव्हती. त्यामुळे नीळकंठकडे बसायला खुर्ची होती आणि जळायला भरपूर वेळ.

तो जळायचा क्षितिजवर. क्षितिज म्हणजे त्याची बायको मधुवंती हिचा पहिला नवरा. चार वर्षांपूर्वी काविळीने गेला. मेलेल्या माणसावर जळण्यात एक अडचण असते. तो पुढे एकही चूक करत नाही. मधुवंती वांग्याच्या भाजीत जवसाची चटणी घालायची, की नीळकंठला वाटे, ही त्याची आवड. ती गुणगुणली तर त्याच्यासाठी, आणि गप्प बसली तर त्याच्याच आठवणीने.

खरे तर या दोघांचे प्रेमाचे लग्न. मृत्यूच्या दाखल्यांच्या रांगेत ते भेटले. तिला नवऱ्याचा दाखला हवा होता, त्याला शीलाचा, म्हणजे पहिल्या बायकोचा. तिने त्याला सहीसाठी पेन दिले आणि त्याने ते मुद्दाम परत केले नाही. विधवेशी लग्न केले म्हणून गावाने त्याला शाल-नारळ दिला. अध्यक्षांनी 'पुरोगामी' हा शब्द तीन वेळा वापरला.

त्याच लग्नात नीळकंठच्या थोरल्या बहिणीने, बेबीताईने, नव्या नवरीच्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. त्यावर शीलाची म्हणून एका बाईची आकृती होती. पहिलीचा मत्सर दुसरीला बाधू नये म्हणून रिवाजच तो. नवे लुगडे आधी टाकाला लावायचे, पहिला घासही टाकाला दाखवायचा. आणि क्षितिजचा फोटो? तो मधुवंतीच्या माहेरी, ट्रंकेत. पुरोगामी नीळकंठला यात काही वावगे दिसले नाही.

पितृपक्षातली नवमी आली. सवाशीण गेलेल्या बायकांचा हा दिवस. मधुवंती पहाटेपासून शीलासाठी वडे तळत होती. आदल्या दिवशी उमरखेडहून क्षितिजच्या आईचा फोन आला होता. दशमीला त्याच्या श्राद्धाचे पान असते, तू ये. नीळकंठने तिला समजावले, की ती आता या घरची आहे, लोक बोलतात, मागचे माणसाने विसरायला शिकावे. हे सांगताना तो शीलाच्या नैवेद्यावर तूप वाढत होता.

जेवणे उरकत आली तेव्हा मधुवंतीने सराफाकडची पुडी त्याच्या ताटाशी ठेवली. आत टाक होता. सोनाराकडे मेलेल्या बायकांचे साचे तीन, मेलेल्या नवऱ्याचा एकही नाही. कोणी कधी मागितलाच नव्हता. म्हणून त्याने देवघरातल्या वीराचा साचा वापरला. पोस्टातला कारकून क्षितिज हातात तलवार घेऊन घोड्यावर बसला होता. नीळकंठला पहिल्यांदा आठवले ते हे, की आपण आयुष्यात घोड्यावर बसलो नाही.

"हा तुम्ही गळ्यात घाला," मधुवंती म्हणाली.

नवमीसाठी आलेल्या बेबीताईचा घास हातातच राहिला. "पुरुषमाणूस कुठी टाक घालते काय? लोक हासतीन त्याले."

"मले दीड वर्षात कोणी हासलं नाही, ताई."

"तुह्या भल्यासाठीच हाय तो. शीला कोपली तं?"

"शीलाताईच्या जागी मी आली, म्हणून तिचा राग मी गळ्यात वागवतो. क्षितिजच्या जागी हे आले. मंग त्याचा राग कोण वागवीन?"

बेबीताईने भावाकडे पाहिले. भावाने वड्याकडे पाहिले.

मधुवंतीने आपल्या गळ्यातला टाक काढून त्या दुसऱ्याशेजारी ठेवला. "उद्या मी उमरखेडले जातो, परवा येईन. आल्यावर टाक दोघांच्याही गळ्यात राहीन, नाही तं कोणाच्याच नाही. अन् हे पटत नसन, तं माही ट्रंक माहेरीच हाय."

सकाळी ती गेली. तिने विचारले नव्हते, त्यामुळे त्याला नाही म्हणता आले नाही. नीळकंठने घोडेस्वार गळ्यात घातला, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि तो केंद्रावर गेला. घोड्याचा खूर छातीला टोचत होता. दर पाच मिनिटांनी हात तिकडे जाई. उकंडा शिपायाने विचारले, "साहेब, छातीत दुखून राह्यलं काय?"

तीन वाजेपर्यंत त्याने कसेबसे सोसले. तेवढ्या वेळात त्याला एक गोष्ट कळली. शीलाला मत्सर कधी जमलाच नाही. शेजारणीने मिक्सर आणला, तर ही कौतुकाने तिच्याकडे चटणी वाटायला जायची. मत्सर होता तो नीळकंठच्या पोटात. तो चांदीत मढवून मेलेल्या बाईच्या नावाने जिवंत बाईच्या गळ्यात बांधला होता, आणि वर शाल घेतली होती.

मधुवंती परतली तेव्हा त्याचा गळा मोकळा होता. दोन्ही टाक त्याने देवघरात शेजारी शेजारी मांडले होते. परक्या घरचा माणूस आपल्या देवात बसवला म्हणून बेबीताई दुपारच्या गाडीनेच निघून गेली होती. सोनाराच्या काचेखाली ते तीन साचे अजून आहेत, आणि त्यांना गिऱ्हाईकही आहे.

दुसऱ्या दिवशी नीळकंठने पूजा केली. शीलाला टपोरे जास्वंद वाहिले, क्षितिजला तगरीची कळी. मधुवंती मागे उभी होती. ती वाकली आणि तिने क्षितिजपुढे दुसरे जास्वंद ठेवले, तेवढेच मोठे.

नीळकंठने ते पाहिले. मग त्याने चहा मागितला.