गाडीत किती जण?

पहिल्या दिवशी अंघोळ नको. दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशी बघू.

बिस्किटाचा पुडा वर गेल्यावर उशीसारखा फुगतो.

"ठेवतो गं, जेवायला थांबलेत."
"कोण थांबलंय?"
फोन बंद.

ट्रकच्या केबिनमध्ये तपकिरी घोंगडी.

झोपताना मोबाइल पांघरुणात घ्यावा. थंडीनं बॅटरी मान टाकते.

बॉनेटवर कप.

"कमी कुणी सांगत नाही, ताई."

•

आता नीट सांगायचं तर वहिनीपासून सुरुवात करावी लागेल. वहिनी पडदे शिवायची. तिचा नवरा इलेक्ट्रिशियन. घाटापलीकडे, आकाशातले तारे बघायचं एक केंद्र आहे, तिथल्या बॅटऱ्या आणि जनरेटर सांभाळायला तो गेला. मागचा हिवाळा त्यानं तिथं एकट्यानं काढला. उन्हाळ्यात शास्त्रज्ञ आले, राहिले, खाली गेले. त्यानंही उतरायचं होतं. तो म्हणाला, हाही हिवाळा मी थांबतो.

सगळे उतरून गेल्यावर फोनवर म्हणाला, जेवायला थांबलेत.

वहिनीनं अर्धा शिवलेला पडदा मशीनखालून काढला, घडी घातली आणि नणंदेकडे गेली. नणंद औषधांच्या दुकानात काउंटरला. भावापेक्षा मोठी, जिभेनं तिखट.

"मी पण येते," वन्सं म्हणाल्या. "तुझं दादू ऐकून घेतो. माझं ऐकतो."

•

पाणी प्यायचं, तहान नसली तरी. जिन्यावर पळायचं नाही. डोकं दुखलं तर लपवायचं नाही.

घाटाच्या अलीकडच्या शेवटच्या वस्तीत हवा अंगवळणी पडेपर्यंत त्यांना थांबवून ठेवलं होतं. प्रवास कार्यालयातला मफलरवाला रोज सकाळी खोलीच्या दारात येऊन विचारायचा, झोप लागली का, भूक आहे का, लघवी साफ होते का.

"माझ्या नवऱ्यानं जन्मात कधी एवढी चौकशी केली नाही," वन्सं दार लावून म्हणाल्या.

मफलरवाल्यानं सांगितलं होतं, उद्याची गाडी शेवटची. बर्फ पडला की घाट बंद, तो थेट वसंतात उघडायचा. रसदीचा ट्रकही शेवटची फेरी मारायला वर गेलाय. म्हणजे उद्या पोचलो नाही तर तो तिथं एकटा. किंवा एकटा नाही. वहिनीला यातलं काय जास्त वाईट ते ठरवता येईना.

•

ड्रायव्हर वयस्क, शांत. ओळख झाल्या झाल्या त्यानं वन्संना मावशी म्हणून घोळ घातला.

"मावशी कुणाला म्हणता? तुमच्या पाठची शोभेन मी."

"बरं, ताई तर ताई. दोन्ही ताई ऐका. वर हवा विरळ. डोकं गंडतं, आणि ज्याचं गंडतं त्याला ते कळत नाही. म्हणून आमच्या रस्त्यावर एक रीत आहे. प्रत्येक थांब्यावर मी विचारणार, गाडीत किती जण? आपण तिघं. कुणी जास्त सांगितले की गाडी जागच्या जागी फिरवायची. वाद नाही, रडारड नाही."

"आणि कमी सांगितले तर?" वहिनीनं विचारलं.

"कमी कुणी सांगत नाही, ताई." त्यानं टोपी कानावर ओढली. "आणि मलाही विचारायचं. विसरू नका. मी काही लोखंडाचा नाही."

संध्याकाळी पिशव्या भरताना वहिनी म्हणाली, "वन्सं, उद्या काहीही दिसलं तरी तीन म्हणायचं."

"आणि तुला दिसलं तर?"

"तीन."

वन्संनी शाम्पूच्या बाटलीला रबर गुंडाळलं. "तीन," त्या म्हणाल्या, पाठांतर केल्यासारखं. "तीन, तीन, तीन."

•

पहिला थांबा. तीन, तीन. सगळे हसले.

पुढच्या एका वळणावर रसदीचा ट्रक खाली येताना भेटला. दिवे उघडझाप करत होता, ट्रकवाल्याचा हात खिडकीतून बाहेर. शेजारी कुणीतरी तपकिरी घोंगडी डोक्यावरून घेऊन झोपलेलं. त्यांच्या ड्रायव्हरकाकांनी हॉर्न वाजवून उत्तर दिलं आणि गाडी दामटली. "या चढावर थांबलं की चाक मागं सरकतं," ते म्हणाले. "नमस्कार चमत्कार खाली."

त्यानंतर गाडीत थोडी अडचण वाटायला लागली.

म्हणजे तसं काही झालं नव्हतं. वन्सं आपल्या खिडकीला चिकटून बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन. वहिनी आपल्या खिडकीला. दोघींच्या मधे एका माणसापुरती जागा. सकाळी तिथं पिशवी होती. पिशवी पायाशी कुणी ठेवली?

दुसरा थांबा. "गाडीत किती—"

"तीन," वन्सं प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाल्या.

"तीन," वहिनी म्हणाली. डोळ्याच्या कोपऱ्यात एक गुडघा होता. ती समोर बघत राहिली. मागच्या सीटवर असं समोर बघत बसायला फार कष्ट पडतात. मान आखडते.

काकांना कुणी विचारलं नाही. खोटं बोललेलं माणूस तो विषय परत कशाला काढेल?

•

गुडघा.

•

घाटमाथ्यावर वारा नव्हता. पलीकडे, खाली, केंद्राचा पांढरा घुमट दिसत होता. भाताची वाटी पालथी घातल्यासारखा, हात लांबवला तर उचलता येईल इतका जवळ. वहिनीला वाटलं, पोचलोच की.

काकांनी थर्मास काढला. बॉनेटवर कप मांडले आणि चहा ओतला. एक स्वतःला. एक वन्संना. एक वहिनीला. मग सहज, पाहुण्याला द्यावा तसा, आणखी एक.

वहिनी त्या कपाकडे बघत राहिली. आपल्याला वाटलं होतं, फक्त आपल्यालाच.

"काका," ती म्हणाली, "गाडीत किती जण?"

"चार," काका म्हणाले. काय विचारता, अशा आवाजात. मग त्यांचा हात थर्मासच्या झाकणावर थांबला. त्यांनी कप मोजले. परत मोजले. चेहरा उतरत गेला. "तुम्हाला?" त्यांनी हळूच विचारलं. "खरं सांगा."

गाडीच्या दारात बसलेल्या वन्सं पुटपुटल्या, "तीन." कुणी विचारलं नव्हतं. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते, जीभ जड. "दादू तिथंच आहे. तीन. पढवलंय मला. तीन."

घुमट तिथंच होता. एक उतार, दोन वळणं. तीन म्हटलं की पोचलो. त्याची कॉलर धरून ओढून आणता येईल. वन्संनी भिंतीला टेकायला जावं तसं डोकं बाजूला टेकलं. बाजूला भिंत नव्हती. काही नव्हतं. तरी डोकं टेकून राहिलं.

"चार," वहिनी म्हणाली. "मलाही. वन्संनाही चारच दिसतायत, मीच खोटं बोलायला लावलं. काका, फिरवा."

काकांनी बर्फानं तोंड चोळलं. कप गोळा केले. चौथा उचलताना ते क्षणभर थबकले, आणि मग तो सरळ ठेवायची काळजी न घेता पिशवीत टाकला. त्यातून काही सांडलं नाही.

"माझ्याशी बोलत राहा," ते म्हणाले. "रस्ता डावीकडे वळला की डावीकडे म्हणा. मला दिसला तरी म्हणा."

वहिनी सीटवर मधे सरकली, वन्संना कुशीत घ्यायला. सरकायला कुणी हरकत घेतली नाही. जागा उबदार होती. तिनं मागच्या काचेतून एकदा घुमटाकडे बघितलं. मग नाही बघितलं. डावीकडे, ती म्हणाली. आता उजवीकडे. डावीकडे, काका, डावीकडे.

•

ओठ निळे पडले तर औषध एकच: खाली.

खालच्या थांब्यावर काकांनी विचारलं. वहिनी म्हणाली, तीन. तिनं विचारलं. काका म्हणाले, तीन. वन्संना उलटी झाली, मग पाणी प्यायल्या, मग म्हणाल्या, "तीनच गं. आणि मघाशी हा ड्रायव्हर मला परत मावशी म्हणाला, मी ऐकलंय."

वहिनी तेव्हा रडली.

वस्तीतल्या दवाखान्याच्या दारात रसदीचा ट्रक उभा. ट्रकवाला धावतच आला. "अहो, हात करून करून खांदा गेला माझा! थांबायचं नाही का? तुमचाच माणूस घेऊन येत होतो." त्यानं वर सामान उतरवताना रीतीप्रमाणे विचारलं होतं, इथं किती जण राहता? वहिनीच्या नवऱ्यानं शांतपणे सांगितलं होतं, पाच. "ताटं पण पाच मांडलेली. मी वाद घातला नाही. उचलला आणि केबिनमध्ये घातला."

आत तो ऑक्सिजनचा मास्क लावून पडला होता. दाढी वाढलेली, हात गरम. वहिनीनं तो हात धरला. डॉक्टरीणबाई दुसऱ्या खाटेवर वन्संच्या बोटाला चिमटा लावून आकडा बघत होत्या. तुम्ही आणखी थोडं वर थांबला असतात तर यांना जिवंत आणता आलं नसतं, त्या म्हणाल्या. मग दोघांकडे बघून म्हणाल्या, वाचतील.

काकांना धरून खोलीत पाच जण होते. ट्रकवाला दारात होता. वहिनीनं दोनदा मोजलं.

•

सकाळी त्या वळणावर नवरा झोपलेला नव्हता. घोंगडीतून डोकं जरासं काढून तो ट्रकवाल्याला म्हणाला होता, त्या गाडीत चौघं आहेत.