प्रयोगशाळेचं नॉर्मल रक्त

आता काय, सगळं बारकोडवर चालतं. नळी ठेवली की मशीन स्वतःच ओळखतं, स्वतःच तपासतं, आणि चुकलं तर स्वतःच बोंब मारतं. नॉर्मलताई आता या लॅबची प्रमुख आहे, काचेच्या केबिनमध्ये बसते. पण जुने दिवस आठवले की बाईचं कामात लक्ष लागत नाही. दोन खोल्यांची लॅब, कुरकुरणारा फ्रिज, खिडकीतल्या उन्हात वाळत घातलेल्या काचपट्ट्या आणि मास्तर.

मास्तर म्हणजे तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. सगळ्यांनी त्यांच्याच हाताखाली सुई धरायला शिकलेलं, म्हणून मास्तर. 'नॉर्मलताई' हे नावही त्यांनीच चिकटवलेलं. त्याचं असं झालं, मशीन बरोबर चालतंय का हे बघायला आकडा आधीच ठाऊक असलेलं रक्त लागतं. कंपनीकडून यायचं ते वेळेवर येईल तर शपथ! मग मास्तरांनी शक्कल काढली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी ताईने बाही वर करायची आणि मास्तरांनी तिचं रक्त मशीनला लावायचं. थायरॉइडच्या टीएसएच चाचणीत तिचा आकडा दोनाच्या आसपास यायचा, म्हणजे अगदी नॉर्मल. चार वर्षं! सर्दी असो, जागरण असो, सासूशी वाजलेलं असो, आकडा आपला दोन.

"एवढी खात्री तर लग्नाच्या वेळी माझ्या नवऱ्यानेही करून घेतली नव्हती," ताई म्हणायची.

"त्याच्याकडे मशीन कुठे होतं?" मास्तर म्हणायचे.

आणि एका सोमवारी आकडा आला नऊ.

मास्तर कागदाकडे बघतच राहिले. पुन्हा लावलं, पुन्हा नऊ. मग काय, मशीनवर संक्रांतच आली. द्रावणं बदलली, नळ्या धुतल्या, झाकण काढून आतलं सगळं पुसून काढलं. बाहेरच्या बाकावर पेशंट रिपोर्टसाठी खोळंबलेले, लॅबच्या डॉक्टरीणबाई दर दहा मिनिटांनी दारात येऊन "झालं का?" विचारणार, आणि मास्तर मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार.

ताई मात्र गप्प. ताई, आणि गप्प! तिथेच कुणालातरी कळायला हवं होतं.

तिला बारा दिवसांपूर्वी कळलं होतं की दिवस गेलेत. लॅबला लागण्याआधी दोनदा गेले होते. दोन्ही वेळा हौसेने गावभर सांगून झालं, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. लोकांच्या सांत्वनाचा तिने असा काही धसका घेतला होता की या खेपेला नवऱ्याखेरीज कुणाला म्हणून सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सोमवारी रक्त द्यायला नको म्हटलं असतं तर मास्तरांनी तेव्हाच ओळखलं असतं. म्हणून मुकाट्याने बाही वर केली होती.

आता नऊचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गरोदरपणात आईच्या थायरॉइडवर एकदम दीडपट काम पडतं. ग्रंथी आधीच कमजोर असली की ती दमते, आणि मेंदू तिला जोरजोरात हाका मारू लागतो. त्या हाकांचं मोजमाप म्हणजे टीएसएच. इकडे पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी पहिले तीन महिने काही कामाची नसते. त्याच्या मेंदूची घडण चालते ती आईच्या रक्तातून येणाऱ्या हार्मोनवर. तेच कमी पडलं तर? शेकडो बायकांच्या रिपोर्टवर तिने असे आकडे लिहिले होते आणि जेवायला निघून गेली होती. आज आकडा तिचा स्वतःचा होता. देवा, मशीनच बिघडलेलं असू दे, एवढंच ती मनात घोकत होती.

दुपार होत आली तेव्हा मास्तरांनी निरुपायाने स्वतःची बाही वर केली. अख्ख्या जगाला सुया टोचणारा हा माणूस स्वतः सुईला भयंकर घाबरायचा. डोळे घट्ट मिटून म्हणाले, "घे, पण बोलू नकोस, आणि घेतलंस की लगेच सांग."

त्यांचा आकडा दोनाच्या आतच आला. मशीन ठणठणीत होतं.

मास्तरांनी कागद खाली ठेवला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कितवा आठवडा?"

ताईला रडूच फुटलं. "सहावा. मास्तर, कुणाला सांगू नका. मी सकाळपासून सगळ्यांना राबवलं..."

"ते मरू दे गं!" ते इतक्या जोरात म्हणाले की बाहेरचे पेशंट वळून बघू लागले. मग फ्रिजपाशी तिला नेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्या हिला दिवस गेले तेव्हा तिचं रक्त मीच तपासलं होतं. हिमोग्लोबिन पाहिलं, साखर पाहिली, आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, सगळं ठीक आहे. थायरॉइड बघावं असं तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पुढे लेक चार वर्षांची होईस्तोवर बोलेना, तेव्हा तिच्या आईचं रक्त पाहिलं, तर आकडा चाळीस. त्यामुळेच झालं असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पण मला चैन पडत नाही ते नाहीच. तू आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंकडे जा. एक दिवससुद्धा घालवू नकोस."

त्याच दिवशी गोळी सुरू झाली. रोज पहाटे उपाशीपोटी. दर चार आठवड्यांनी मास्तर तिचं रक्त घ्यायचे, आकडा हाती येईपर्यंत चहाला शिवायचे नाहीत. नवाचे चार झाले, चाराचे दोन. दुसरा महिना सरला, तिसरा सरला. चौथ्यात ताईने स्वतःच सगळ्यांना सांगितलं, तर सगळे म्हणाले, आम्हाला ठाऊक होतं, मास्तर गाणी म्हणत काम करतात म्हणजे काहीतरी आहेच.

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी थायरॉइड तपासायला बाळाच्या टाचेतून रक्त न्यायला मास्तर स्वतः आले, आणि संध्याकाळी नॉर्मल रिपोर्ट घेऊन परतले ते आपल्या लेकीला बरोबर घेऊनच. लेक बावीस वर्षांची, उंच, वेणी घट्ट घातलेली, एकेक शब्द सावकाश जुळवून बोलणारी. तिने बाळ मागितलं. ताईची सासू जरा चपापली, तशी लेक म्हणाली, "मी पाडत नाही. घरात बशा बाबा फोडतात."

सगळे हसले. ताईने बाळ तिच्या मांडीवर दिलं. तिने ते छान धरलं, बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "बाबा, ही पण माझ्यासारखी सावकाश होणार?"



"नाही गं राणी," मास्तर म्हणाले. "हिच्या वेळी बाबाने नीट पाहिलं."

"आणि माझ्या वेळी?"

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला. "तुझ्या वेळी बाबाला येत नव्हतं."

लेकीने त्यावर नीट विचार केला. बाळाला एका हातावर सांभाळून दुसरा हात तिने बापाच्या गुडघ्यावर ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "आता येतं ना तुम्हाला."

आणि मास्तर सगळ्यांदेखत लहान मुलासारखे रडले.