बगलेच्या वर

शिस्त समिती म्हणे! अंगाला कधी चिखल न लागलेली माणसं आता गार्थ अकरॉइडला टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, शिकवणार होती. एकोणीस हंगाम तो रग्बी लीगमध्ये पहिल्या फळीत खेळला. रेड्यासारखे अंगावर धावून येणारे गडी त्याने आडवे केले. आणि आता नियम काय, तर समोरच्याच्या बगलेच्या वर भिडायचं नाही. मग काय, समोरच्याच्या पाया पडायचं?

येत्या शनिवारी घरच्या मैदानावर त्याचा शेवटचा सामना होता. खाण बंद पडलेल्या त्या गावात मिरवण्यासारखं दुसरं काय उरलं होतं? सगळं गाव त्याला निरोप द्यायला येणार होतं. आणि नेमकं गेल्या सामन्यात त्याचा खांदा समोरच्या संघातल्या एका पोराच्या डोक्याला लागला. पोरगं स्ट्रेचरवरूनच बाहेर गेलं.

"कबूल करून टाक," क्लबचा मॅनेजर हॅडली म्हणाला. "एका सामन्याची बंदी. भांडून हरलास तर दोन."

याच धाकाने भलेभले मुकाट मान डोलावत.

"अरे मूर्खा, मला उरलाय एकच! दोन काय, दोनशे द्या म्हणावं!"

मंगळवारी सकाळी त्याची बायको नोरीन त्याला गाडीतून लीड्सला सुनावणीसाठी घेऊन निघाली.

"त्या शेंबड्याचं नाव काय गं?"

"टोबी वेनराइट. निघतानाही विचारलं होतंस."

"असल्यांची नावं लक्षात कोण ठेवतो!" तो खेकसला.

समितीत तिघं होती. मधोमध एक निवृत्त न्यायाधीश बाई, तिच्या डावीकडे कोणी चष्मेवाला, आणि उजवीकडे चक्क लेन क्रॉसली! गार्थच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षांपूर्वी याच लेनने कोपर घालून त्याचा जबडा मोडला होता. सहा आठवडे नळीने सूप प्यायला होता गार्थ. लेनला बंदी? छे! पाठीवर थाप मिळाली होती.

लेन उठून आला आणि त्याने हात पुढे केला. "जबड्याचं फार वाईट वाटतं, गड्या. माफ कर."

चौदा वर्षांनी, तेही असल्या जागी! थट्टा करतोय मेला, असं म्हणत गार्थने हात झटकला.

मग त्यांनी टॅकलची चित्रफीत लावली, तीही मुंगीच्या पावलांनी.

"एवढं सावकाश तर माझी आजीसुद्धा टॅकल करील," गार्थ म्हणाला. "तो वाकला म्हणून लागलं. आता वाकणाऱ्याची बगल मी कुठे शोधू?"

"तुम्ही उभेच राहिलात, मिस्टर अकरॉइड," बाई म्हणाली. "तुम्ही वाकला असतात तर?"

"या लेनला विचारा की वाकायचं! बॉक्सिंग डे होता, नाताळचा दुसरा दिवस, बर्फ पडत होता, आणि याने कोपर घातलं. तेव्हा कुठे गेली होती तुमची बगल? काय रे, आठवतं ना?"

"नाही," लेन म्हणाला.

"सोयीचं विसरतोस!"

"तो अख्खा हंगामच आठवत नाही मला. डोक्याला फार मार बसला होता. फितीवरचं दिसतं, ते कळतं. स्वतः खेळलेलं बायकोने सांगावं लागतं." त्याने समोरचा कागद गार्थकडे सरकवला. "तुझं-माझं हे जुनं प्रकरण आहे, म्हणून आज तुझ्याबाबतीत मी मत देणार नाहीये."

कागदावर बायकी अक्षर होतं. 'गार्थ अकरॉइड. तू याचा जबडा मोडलास. भेटला की माफी माग.' माफीपुढे लेनने पेन्सिलने बरोबरची खूण केली होती.

गार्थने कागद परत सरकवला. पुढे त्याने वाद घातलाच नाही. निकाल लागला, दोन सामने.

गाडीत बसल्यावर नोरीन त्याच्या शिव्यांची वाट पाहत थांबली. शिव्या आल्या नाहीत.

"शनिवार गेला," तो म्हणाला.

"गेला रे."

"त्या पोराला घरी सोडलं का?"

"काल सोडलं."

"जाऊन येऊ या. माफी मागायला हवी." त्याने काच खाली केली. "नाव काय गं त्याचं?"

नोरीनने सुरू केलेली गाडी बंद केली. पर्समधून पेन काढलं, पार्किंगच्या पावतीमागे सावकाश, मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं आणि पावती त्याच्या हातात दिली.

"खिशात ठेव," ती म्हणाली. "आज तिसऱ्यांदा विचारलंस."