एका सुरातली साक्ष

मित्रांनो, मी चारकोपच्या एका भजनी मंडळाचा म्हातारा पखवाज आहे. मार खाल्ल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा माझा स्वभाव. पण आज आपणहून बोलतोय, कारण मला वाजवणारा हात आता मंडळात नाही.

सावंतवाडीकडच्या एका कारागिराने शिसवाचं खोड पोखरून मला घडवलं. माझ्या उजव्या तोंडाला काळी शाई. डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते. ती नीट बसली की मी घुमतो, वाळून पडली की माझी वाट लागली! मंडळाच्या धोंडिराम बुवांनी मला मुंबईत आणलं. गणपती, पूजा, बारशी, सगळीकडे मी मिरवलो. "काय झकास वाजतोय रे!" असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचो. खरं कौतुक बाळाचं होतं. बाळा आमचा पखवाजी, दिवसा कारखान्यात कामाला, राहायला बोरीवलीत आई सोनूबाईजवळ.

बाळाचं बोट गोड, जीभ मात्र तिखट. त्याच्याच इमारतीतल्या भाऊरावांशी स्कूटर लावण्यावरून त्याचं वाजलं आणि "बघून घेईन तुला" असं तो चारचौघांत बोलून गेला. मुंबईत असं रोज कुणीतरी कुणाला म्हणतं. पण पुढच्याच आठवड्यात, दिवेलागणीला, भाऊरावांना इमारतीच्या फाटकात कुणीतरी भोसकून मारलं. त्यांच्या बायकोने, लताबाईने, पळणाऱ्या माणसाला पाहिलं आणि पोलिसांना बाळाचं नाव सांगितलं.

त्या वेळी बाळा कुठे होता, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तो चारकोपला अनुपमाताईंच्या घरी सत्यनारायणाच्या पूजेत बसला होता आणि मी त्याच्या मांडीशी होतो. भजन रंगात आलं आणि नेमकी माझी कणीक गळून पडली. बाळा चरफडत उठला, स्वयंपाकघरातून अनुपमाताईंकडून ताजी कणीक घेऊन आला, माझ्या तोंडावर थापली आणि पुन्हा ठेका धरला. एवढंच! तोवर आमच्या टाळकरी खंडूने टाळांवर अभंग सांभाळून नेला.

आता आमच्या लोकांनी काय केलं ते ऐका. खटला उभा राहिला तेव्हा बुवांनी सगळ्यांना मंडळाच्या खोलीत बसवलं. "एक शब्द इकडेतिकडे नको रे. वकील फाडून खाईल. सगळ्यांनी एका सुरात सांगायचं." बिचाऱ्यांना जन्मभर तेवढंच येत होतं, बुवांनी म्हटलं की मागून म्हणायचं! मग पाठांतर सुरू झालं. "बाळा पूजेला बसल्यापासून आरतीपर्यंत जागचा हलला नाही." मंडळातला अनंत एकदा चाचरत म्हणाला, "बुवा, तो कणकेला उठला होता ना?" बुवा डाफरले, "गप रे! उगाच फाटे फोडू नकोस."

कोर्टात खंडूने तेच वाक्य म्हटलं, अनंतनेही तेच, बाकीच्यांनीही तेच. मग अनुपमाताई आल्या आणि सरळपणे सांगून मोकळ्या झाल्या, "बाळा कणीक मागायला आत आला होता." झालं! मंडळी पढवलेली आहेत, असं न्यायाधीश म्हणाले. माणूस एकदा उठला, तर किती वेळ गेला कुणी सांगावं? बोरीवली तर रिक्षाने जाऊन येण्यासारखी.

लताबाई मात्र अडखळत बोलली. "पाठमोरा होता. वळला तेव्हा ओळखला. दिवा मागे होता, खोटं कशाला बोलू?" ती खोटं बोलतच नव्हती. भांडण डोक्यात होतं, अंधुक चेहरा दिसला आणि तिने तो बाळाचा धरला. तिची चूक प्रामाणिक होती, म्हणून ती खरी वाटली. आमचं खरं गुळगुळीत होतं, म्हणून ते खोटं ठरलं. बाळाला जन्मठेप झाली.

वर्षं गेली, मग अपील उभं राहिलं. संघमित्रा नावाच्या वकीलबाई खोलीवर आल्या आणि एकेकाला वेगळं बोलावून विचारू लागल्या. खंडूला तो टाळांवर रेटलेला अभंग आठवला, अनंतला बाळाचा चरफडलेला चेहरा. कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं आणि तरी सगळं खरं होतं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

बुवा म्हणाले, "आमच्यात फूट दिसली असती ना, मॅडम."

"आता अपिलात नव्याने साक्ष सहसा घेत नाहीत, बुवा. मी अर्ज करते. पण जे आधीच सांगता आलं असतं, ते आता ऐका म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?"

अर्ज फेटाळला गेला. निकालात कोर्ट म्हणालं, पत्नीने जवळून पाहिलं आहे, आणि बचावाचे साक्षीदार एकाच तोंडाने बोलतात. शिक्षा कायम! वकीलबाईंनी हे फोनवरून कळवलं तेव्हा बुवा पेटीवर डोकं टेकून ढसाढसा रडले. मला त्यांचा राग आला, मित्रांनो, आणि कीवही आली.

सोनूबाई तुरुंगात लेकाला भेटून थेट खोलीवर आल्या. कुणी पाणी दिलं, ते घेतलं नाही. "बुवानू, कोर्टात तुमी भजन गायलास. माज्या झिलाची साक्ष कोणी देवक नाय."

दाराकडे वळता वळता त्या म्हणाल्या, "बाळा सांगता, पखवाजार दुसरो माणूस बसवा. माजी वाट बघू नकात."

दुसरा माणूस अजून कुणी आणलेला नाही. मी खुंटीला आहे, चामड्याच्या वाद्या सैल पडल्यात. पण माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. चामडं काय, बाजारात मिळतं. कधी कुणासाठी साक्ष द्यायची वेळ आली, तर शेजारच्याच्या तोंडाकडे बघू नका. आपल्याला दिसलं तेवढंच सांगा, अडखळलात तरी चालेल. बाळाने भाऊरावांना मारलं नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बाळा आत आहे.