एकट्याच्या पाठीवर

पैलवानाने ती गोष्ट वॉर्डात इतक्या वेळा सांगितली होती की शेजारच्या खाटेवरचा पाय मोडलेला म्हातारा आता त्याच्याआधीच पुढचं वाक्य पुटपुटायचा.

गोष्ट खोटी नव्हती, हे खाटेशी बसलेल्या तिलाही ठाऊक होतं. गोदामात सिमेंट उतरवताना तिचा नवरा ट्रकला लावलेल्या फळीवरून घसरला आणि डोक्यावरच्या पोत्यासकट मानेवर आपटला. बाकीचे हमाल पाणी आणा, वारा घाला करत घोळका करून उभे राहिले. पैलवान टोळीचा मुकादम. त्याने सगळ्यांना बाजूला सारलं, पडलेल्याला पाठीवर घेतलं आणि थेट दवाखान्यापर्यंत धावत आणलं. एकट्याने. या एका शब्दावर तो असा थांबायचा, जणू आता कुणीतरी टाळ्या वाजवाव्यात.

कारण या टोळीचा एक जुना मान होता. एका माणसाचं ओझं दोघांनी उचलायचं नाही. कुणी मदतीला हात लावलाच तर तो झटकला जायचा, आणि ज्याला मदत झाली त्याची पुढे कितीतरी दिवस टर उडवली जायची. लोखंडी कपाट असो नाहीतर दगडी जातं, एकाच्याच पाठीवर. टोळीतल्या निम्म्यांचे गुडघे गेले होते, दोघे कमरेतून वाकले ते पुन्हा सरळ झाले नव्हते, पण मान शाबूत होता. तसल्या मानाला काय चाटायचंय, असं तिला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी वाटलं होतं. पण तेव्हा नवरा पाठ चोळून घेताना हसला होता.

तरी पहिल्या दिवशी तिनेही पैलवानापुढे हात जोडले होते. ‘तुमच्यामुळे माणूस दिसतोय, भावजी,’ असं म्हणाली होती. तेव्हापासून त्याला हरभऱ्याच्या झाडावरून खाली उतरवणं कुणालाच जमलं नव्हतं.

माणूस दिसत होता, एवढं खरं. डोक्याला दोन्ही बाजूंनी चिमटे लावलेले, चिमट्यांना दोरी, आणि दोरीच्या टोकाला खाटेमागे लटकणाऱ्या विटा. वजनं मागवली आहेत, असं नर्स सांगायची. तोवर दवाखान्याच्या कुंपणाची भिंत उपयोगी पडत होती. पाय गेले होते, बोटं गेली होती, श्वास पोटातून चालायचा. उजवं मनगट तेवढं वर उचललं जायचं.

‘हे मनगट जपा,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. वयाने लहान, जागरणाने पिंजलेल्या, पण खोटा धीर न देणाऱ्या. ‘याला पट्ट्याने चमचा बांधला की हा माणूस आपल्या हाताने जेवेल. मान पुन्हा सरकली तर हेही जाईल. कदाचित श्वासही.’

तेव्हापासून तिचं सगळं जग त्या मनगटात येऊन बसलं होतं. भेटायला येणाऱ्यांना त्याचं काय. एक मावसदीर म्हणाला, मान जरा झटकून बघा, सांधा बसतो जागेवर. एक शेजारीण तेलाची बाटली घेऊन आली आणि थेट मानेखाली हात घालू लागली. तिने तो हात मनगटाला धरून बाहेर काढला. आणखी एकाने विटांना बोट लावून त्या हलतात का ते पाहिलं. ‘बिचारा, काही कळत नसेल आता,’ तो म्हणाला.

‘मान मोडलीय, कान नाही,’ नवरा म्हणाला. मग तो गृहस्थ पटकन निघून गेला.

त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मानेचा फोटो मोठ्या मशीनवर काढायला हवा, त्याशिवाय ऑपरेशनचं ठरत नाही. दवाखान्याचं स्वतःचं मशीन होतं. त्याचं उद्घाटन झालेलं होतं, फीत कापतानाचा फोटोही भिंतीवर होता. फक्त ते चालवणारा माणूस अजून नेमायचा होता. म्हणून रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात न्यायचं. ॲम्ब्युलन्स होती, ड्रायव्हर होता, डिझेलही असायचं, पण तिघांची गाठ कधी पडत नसे. ढकलगाडीचं एक चाक दर दोन फरशांना अडायचं.

‘आणि एक सांगा,’ बाईंनी विचारलं, ‘पडल्या पडल्या यांचे हात हलत होते का?’

‘नाही. पडले तेव्हाच गेले. सगळे तसंच म्हणतात.’

‘विचारून बघा. हाड मोडलं म्हणजे आतली नस लगेच दबतेच असं नाही. पुष्कळदा ती आणताना दबते.’

तिने ते ऐकलं आणि कामाला लागली. निरोप गेला तसा पैलवान टोळीतल्या चौघांना घेऊन आला, आणि आल्या आल्या पाठ वाकवून खाटेशी उभा राहिला. ‘द्या वहिनी. इकडे आणला तसा तिकडे नेतो. रस्ता ओलांडायचा तर आहे.’ आणि मग दारातल्या नव्या नर्सकडे वळून त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. ‘मी एकट्याने आणला याला. असा पाठीवर. गड्याने गळ्याला अशी मिठी मारली होती, की माझाच श्वास कोंडायचा. चौकापर्यंत घट्ट. मग तिथे शुद्ध गेली, हात सुटले...’

म्हातारा पुढचं पुटपुटत होता. तिला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही. हेच वाक्य तिने रोज ऐकलं होतं. त्यावर मान हलवली होती, त्यावर चहा पाजला होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्यातला निम्मा राग स्वतःवरच होता.

ती नवऱ्याच्या कानाशी वाकली. ‘चौकात तुमची शुद्ध गेली होती का?’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘त्याला सांगू नको. दुसरं कोणी धावलंसुद्धा नाही.’

‘कोणी धावलं नसतं तर बरं झालं असतं.’

‘त्याच्याकडे तेवढंच आहे गं.’

‘आणि तुमच्याकडे एक मनगट आहे.’

ती उठली. ‘पाठ सरळ करा, भावजी. कोणी एकटा उचलणार नाही. गोदामातली फळी आणा.’

टोळीत चुळबुळ झाली. एका माणसाला पाच जण? रस्त्याने लोक बघतील. एकजण तर म्हणाला, जिच्यावरून पडला तीच फळी, अपशकुन. ‘शकुन आता उरलाय कुठे?’ ती म्हणाली. ‘आणा.’ त्यांनी आणली. डॉक्टरीणबाईंनी विटा सोडल्या, मानेला वॉर्डातला एकुलता एक पट्टा बांधला, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि सगळ्यांनी मिळून कसं सरकवायचं ते दाखवलं. चौघे चार कोपऱ्यांना लागले. डोकं दोन्ही तळव्यांत धरून चालायचं काम तिने पैलवानाला दिलं. त्याचे पंजे सगळ्यात मोठे होते.

‘हे काय काम झालं,’ तो कुरकुरला. ‘यात ओझं कुठंय?’

‘जायचंय तेवढं अंतर चालून बघा. मग सांगा.’

फळी निघाली. फाटकाबाहेर खड्डे चुकवत, एकमेकांकडे न बघता, लाजत लाजत टोळी चालली. ती फळीच्या बाजूने मनगटावर नजर ठेवून चालत होती. रस्त्याच्या मधोमध पानाच्या टपरीवरून कुणी ओरडलं, ‘काय पैलवान, आज पाच जण लागले?’

झालं. हे त्याला सोसण्यासारखं नव्हतं. ‘अरे, त्या दिवशी एकट्याने नेलाय मी याला,’ त्याने टपरीकडे मान वळवली, खांदा वळला, आणि खांद्याबरोबर तळवे. ‘पाठीवर. गळ्याला मिठी मारून...’

नवऱ्याच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

‘थांबा सगळे,’ ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. ‘भावजी, मिठी कशाने मारतात?’

‘म्हणजे?’

‘हातांनी मारतात. तुमच्या गळ्याभोवती यांचे दोन्ही हात होते, जिवंत. माझाच श्वास कोंडला, असं तुम्हीच रोज सांगता. चौकात शुद्ध गेली नव्हती. चौकात हात गेले. तुम्ही धावत होता आणि यांची मान तुमच्या खांद्यावर हिंदकळत होती.’

पैलवानाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग खाली. तो काय आठवत होता ते त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं: गळ्याभोवतीची ती पकड, मग ती सैल झाली तो क्षण, आणि मग आपण आणखी जोरात धावलो तो. त्याचे तळवे थरथरू लागले.

तिला त्याची दया आली नाही. पुढे कधी आली तर येवो.

‘थरथरू नका,’ ती म्हणाली. ‘रडायचं असेल तर फळी खाली ठेवल्यावर रडा. डोकं सोडायचं नाही.’

त्याने कोपरं फळीच्या कडेला टेकवली आणि कसाबसा थरकाप आवरला. मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत होता, त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तिने मनगटाकडे पाहिलं. ते फळीवरून अंगठाभर उचललं गेलं आणि पुन्हा टेकलं.

नवरा वर, पैलवानाच्या उलट्या दिसणाऱ्या चेहऱ्याकडे बघत होता.

‘नीट धर गड्या,’ तो म्हणाला. ‘या खेपेला मला धरता यायचं नाही.’