धाकट्या साहेबांनी दिलेला शब्द

माझी थोरली बहीण एकतीस वर्षं सभागृहात लघुलेखक होती. सभासद आणि मंत्री जे जे बोलतील ते त्यांच्याच वेगाने शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचं आणि मग टाइप करून द्यायचं, हे तिचं काम. घरात आम्ही तिला आक्का म्हणतो, आणि घराबाहेरही तिला दुसरं नाव उरलेलं नाही. तिची वही मी एकदाच उघडून पाहिली होती. मुंगीने शाईत पाय बुडवून पानभर फेरफटका मारावा, तसं ते लिखाण. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, हे लिहिणाराला तरी उद्या वाचता येईल का, याचीच मला शंका आहे.

आक्काने लग्न केलं नाही. आमच्याच घरात वरच्या खोलीत ती राहायची. सकाळी नवाला निघायची, सातला परत यायची आणि जेवताना सभागृहाबद्दल अवाक्षर काढायची नाही. नोकरीला लागताना तशी शपथ घेतलेली होती. आम्ही खोदून खोदून विचारायचो, अमका मंत्री भर सभेत घोरतो म्हणतात, खरं का? ती आमटी वाढून घ्यायची आणि म्हणायची, तिथलं तिथे. खरं सांगायचं तर मला तिचं काम फारसं मोठं वाटत नव्हतं. मी खुर्च्या दुरुस्त करतो. मोडलेली खुर्ची दुकानात आली आणि बसण्याजोगी होऊन गेली, की काम डोळ्यांना दिसतं. आक्काचं काम मला कधी दिसलंच नाही.

त्या वर्षी सरकारने जागांचा कायदा आणला. शहरातल्या ज्या जागेचा पुरेसा वापर होत नाही, ती सरकार ताब्यात घेऊ शकेल. पुरेसा म्हणजे किती, ते खात्याचा अधिकारी ठरवणार. त्याच्या हुकमावर अपील नाही. शेवटी बारीक अक्षरात एक कलम होतं, की मान्यवर लोकसेवकांच्या निवासस्थानांना हा कायदा लागू नाही. कायदा मांडणारे मंत्री म्हणजे धाकटे साहेब. त्यांचे आजोबा मंत्री, वडील मंत्री, आणि हे बहुतेक पाळण्यातच मंत्री झाले असावेत. आमच्या गल्लीच्या मागच्या बाजूला त्यांच्या घराण्याचा तिसरा बंगला आहे. चौदा वर्षं तिथे कोणी राहत नाही. माळी तेवढा येतो आणि हिरवळीला पाणी घालून जातो. त्या बंगल्याचा वापर पुरेसा ठरला. अकरा दुकानांची आमची गल्ली, जिथे सकाळी आठपासून ठोकाठोक थांबत नाही, ती मात्र अपुरी ठरली. एकवीस दिवसांत जागा रिकामी करा, अशी नोटीस प्रत्येक दारावर चिकटली.

गल्लीतला काचवाला वर्तमानपत्रं जपून ठेवतो, काच बांधायला लागतात म्हणून. त्याच्या गठ्ठ्यात एक बातमी सापडली. कायदा मंजूर झाला त्या दिवशी पंधरा-वीस सभासद विरोधात उभे राहिले होते, आणि धाकट्या साहेबांनी काहीतरी आश्वासन दिल्यावर ते खाली बसले होते. चालू दुकानांना हात लावणार नाही, असं ते म्हणाले होते, एवढंच बातमीत होतं. आम्हाला हायसं वाटलं. गल्लीने मिळून नेमलेल्या वकीलबाईंनी लगेच सभागृहाचा छापील अहवाल मागवला. त्यात धाकट्या साहेबांच्या तोंडी असं वाक्य होतं: ज्या जागेत काम चालू असेल, त्या जागेचा योग्य तो विचार केला जाईल.

योग्य तो विचार झाला होता, आणि तो दारावर चिकटवला होता.

वकीलबाईंनी समजावून सांगितलं, की सभागृहात यंत्रावर काही टिपलं जात नाही. साहेबांच्या वडिलांच्या काळात कोणीतरी तसं सुचवलं होतं, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की यंत्र बसवलं तर सभासद बोलायचं सोडून अभिनय करतील. त्यामुळे छापील अहवाल हाच पुरावा. आणि छापण्याआधी भाषेच्या दुरुस्त्या करण्यासाठी तो मंत्र्यांच्या कार्यालयात जातो.

त्या दिवशी मी आक्काची वाट पाहत दारातच उभा होतो. ती आल्या आल्या मी विचारलं, कायदा मंजूर झाला तेव्हा तू ड्यूटीवर होतीस का? ती चपला काढायला वाकली. साहेब नक्की काय म्हणाले, एवढं सांग, मी म्हणालो. ती चपला काढत राहिली. मग माझा तोल गेला. मी म्हणालो की एकतीस वर्षं त्यांचं मीठ खाल्लंस, आता सख्ख्या भावाच्या पोटावर पाय आला तरी तुझं तोंड उघडत नाही. त्यांच्यात बसून बसून तूही त्यांचीच झालीस. बायकोने मला मागे ओढलं.

आक्का जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबली. ती म्हणाली, "मला तू विचारू नकोस. मला न्यायाधीश विचारू देत."

आणि वर निघून गेली. तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला. त्या शब्दांचा अर्थ मला कळला नाही. वकीलबाईंना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर त्यांनी पेनाचं टोपण टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, की तुमच्या बहिणीने तुम्हाला रस्ता सांगितला आहे. शपथ कोर्टाच्या समन्सपुढे टिकत नाही.

अपील नसलं तरी कायदा आम्हाला लागूच होत नाही, असं म्हणायला कोर्टाचं दार उघडं होतं. तिथे आमची सुनावणी होती, आणि वकीलबाईंनी त्या दिवसाची मूळ वही आणि ती लिहिणारी लघुलेखक, दोन्ही हजर करण्याची मागणी केली. सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं. वही आली तेव्हा कारण कळलं. त्यांनी ती न्यायाधीशांपुढे उघडून धरली आणि हसून म्हणाले, की यात काय लिहिलं आहे ते या बाईंशिवाय कोणाला वाचता येणार नाही, आणि या बाई अर्जदाराच्या सख्ख्या बहीण आहेत. त्या सांगतील तेच यात लिहिलेलं असणार.

न्यायाधीश वयस्क होते, कानाला यंत्र लावलेलं. त्यांनी वही बराच वेळ न्याहाळली. मग शिपायाला सभागृहाच्या दप्तरखान्यात पाठवलं आणि आक्काची कुठलीही एक जुनी वही आणायला सांगितली. तासाभराने नऊ वर्षांपूर्वीची वही आली, सोबत त्या दिवसाचा छापील अहवाल. न्यायाधीशांनी मधलंच एक पान उघडून आक्काच्या हातात दिलं आणि अहवाल स्वतःच्या हातात धरला.

आक्का वाचायला लागली. पुलाच्या कामावरची कुठलीशी चर्चा होती. ती शांतपणे, एका सुरात वाचत होती, आणि न्यायाधीशांचं बोट छापील ओळींवरून सरकत होतं. बोट कुठेच थांबलं नाही. एके ठिकाणी ती म्हणाली, "इथे मागच्या बाकावरून कोणीतरी 'खोटं' म्हणालं." न्यायाधीशांनी मान हलवली. तेही छापलेलं होतं. चार पानं तिने तशी वाचली. मी माझ्या बहिणीकडे पाहत होतो आणि मला वाटत होतं, की ही बाई मी आजवर पाहिलेलीच नाही. नऊ वर्षांपूर्वीची एक दुपार, चाळीस-पन्नास माणसांची भांडणं, त्यातल्या खोकल्यासकट तिच्या हातात जशीच्या तशी होती. आणि त्या संध्याकाळी घरी येऊन तिने आमटी वाढून घेतली असणार.

मग तिला त्या दिवसाची वही दिली. धाकट्या साहेबांचं वाक्य तिने वाचलं.

"ज्या जागेत एक माणूस जरी रोज काम करत असेल, त्या जागेला या कायद्याचा हात लागणार नाही. हा शब्द मी या सभागृहाला देतो."

गल्लीतली सगळी माणसं मागच्या बाकांवर पुढे सरकून बसली. वकीलबाईंनी विचारलं, की छापील अहवाल तुम्ही पाहिला होता का. आक्का म्हणाली, पाहिला होता. मूळ वहीशी जुळत नाही, असा शेरा लिहून परत पाठवला. उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा लिहिला. असे चार शेरे लिहिले, त्यांच्या तारखा आवक-जावक नोंदीत मिळतील.

सरकारी वकील अजूनही शांत होते. ते म्हणाले, की जुनी वही वाचता येते हे मान्य, पण भावाच्या प्रकरणात कोणाचीही जीभ वळू शकते. सभागृहात एका लघुलेखकाची दहा मिनिटांची पाळी असते आणि पाळी बदलताना शेवटचं अर्धं मिनिट दोघंही लिहितात, म्हणजे काही सुटू नये. हे वाक्य नेमकं त्या अर्ध्या मिनिटातलं आहे. तेव्हा दुसऱ्या लघुलेखकालाही ऐकावं.

दुसरा लघुलेखक म्हणजे आक्काच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. खात्यात त्याला सगळे सावकाश म्हणायचे. हात विजेसारखा चालायचा आणि बोलणं मात्र एकेक शब्द तोलून. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, घरात अंथरुणाला खिळलेली बायको होती, आणि आदल्या दिवशी त्याला धाकट्या साहेबांच्या कार्यालयात दोन तास बसवून ठेवलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. तो आत आला तेव्हा त्याने आक्काकडे पाहिलं नाही. आक्कानेही त्याच्याकडे पाहिलं नाही. काचवाला माझ्या कानात म्हणाला, झालं आपलं.

सरकारी वकिलांनी त्याला सकाळीच वहीसकट आणलं होतं आणि आक्का वाचत असताना बाहेर बसवलेलं होतं. तिने काय वाचलं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने चष्मा लावला, आपली वही उघडली, पान काढलं. आणि नुसता पाहत राहिला. सरकारी वकील म्हणाले, वाचा. तो म्हणाला, वाचतो.  खुर्च्या दुरुस्त करता करता मला एक सवय लागली आहे, माणूस बसला की वजन कुठल्या पायावर आहे ते मी आधी बघतो. तो उभा होता, आणि त्याचं सगळं वजन कठड्याला धरलेल्या डाव्या हातावर होतं.

"इथे जे आहे तेच वाचायचं ना?" त्याने न्यायाधीशांना विचारलं.

"तेच," न्यायाधीश म्हणाले.

त्याने कठड्यावरचा हात काढला. आणि त्याच्या त्या नेहमीच्या संथ चालीने, शब्दामागून शब्द ठेवत, तो वाचू लागला. ज्या जागेत. एक माणूस जरी. रोज काम करत असेल. आक्काने वाचलेलं वाक्य जसंच्या तसं कोर्टात पुन्हा उभं राहिलं. शेवटी त्याने अजून एक गोष्ट वाचली, जी आक्काच्या पाळीनंतरची होती आणि छापील अहवालातही शिल्लक राहिली होती: सभागृहात टाळ्या.

न्यायाधीशांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं आणि परत लावलं. योग्य तो विचार करू म्हटल्यावर टाळ्या वाजत नाहीत, असं ते अगदी हळू म्हणाले, बहुतेक स्वतःशीच.

आमच्या गल्लीवरच्या अकराही नोटिसा रद्द झाल्या. आम्ही बाहेर आलो तेव्हा माझी मान वर होत नव्हती. त्या संध्याकाळी दारात बोललेलं परत कसं घ्यायचं ते मला सुचत नव्हतं. मी एवढंच म्हणालो, की आक्का, मी चुकलो. ती म्हणाली, की तू रागावला होतास, आणि रागात तू नेहमीच वाक्यं फार लांब करतोस. मग ती सावकाशकडे गेली. तो भिंतीला टेकून उभा होता.  तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं बस थांब्याकडे चालू लागली.

कायदा मात्र कायमच राहिला. दुसऱ्या गल्ल्यांमध्ये नोटिसा लागतच राहिल्या. तीन महिन्यांत नवा नियम आला, की अहवाल छापून झाला की आठव्या दिवशी मूळ वह्या नष्ट करायच्या. आक्काची बदली दप्तरखान्यात झाली आणि शेवटचे सात महिने तिने कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात काढले. सावकाशला मुदतीआधीच घरी बसवलं. ही सत्तेची माणसं शब्द परत घेत नाहीत, ती कागदच बदलतात, हे तोवर आमच्या गल्लीत सगळ्यांना समजलं होतं.

आक्का निवृत्त झाल्यावर काचवाला एके रविवारी वही-पेन्सिल घेऊन माझ्या दुकानात येऊन बसला. आक्का तिथेच होती, तिला म्हणाला, आक्का, मला ती मुंग्यांची लिपी शिकवा. आम्ही हसलो. तो हसला नाही. पुढच्या रविवारी चौघं आले, मग नऊ, मग दुसऱ्या गल्लीतली माणसं यायला लागली, ज्यांच्या दारावर नोटिसा होत्या ती. माझ्या अर्धवट विणलेल्या खुर्च्यांवर तोल सांभाळत ती बसायची. आक्का आणि सावकाश मिळून शिकवायचे. ती भरभर सांगायची आणि तो एकेक रेघ समजावायचा. वर्षभरात मला धरून एकोणीस जण तयार झाले.

अधिवेशन सुरू झालं त्या सकाळी आम्ही सगळे प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो. सज्जात वही-पेन्सिल न्यायला बंदी नव्हती. दारावरच्या माणसाने नियमांचं पुस्तक दोनदा चाळून पाहिलं आणि आम्हाला आत सोडलं. खाली धाकटे साहेब बोलायला उभे राहिले. त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं आणि वर एकोणीस पेन्सिली एकदम हलल्या. बारीक खरखर झाली. त्यांनी मान वर केली. घराण्यात तीन पिढ्या त्या सभागृहात कोणी अडखळलं नव्हतं. ते थांबले, समोरचा कागद खाली ठेवला, आणि मग शब्द शोधत शोधत, एरवीपेक्षा निम्म्या वेगाने बोलू लागले.

मला तेवढाही वेग जमत नव्हता. माझी दोन वाक्यं सुटली, म्हणून मी आक्काच्या वहीत डोकावायला वळलो. तिच्याकडे वहीच नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती मान मागे टाकून छताकडे पाहत बसली होती.

"एवढं रंगकाम आहे होय इथे छताला," ती हळूच म्हणाली.